बार्बी की इशी?

दुसऱ्या महायुद्धातील युद्धगुन्हेगारांना विजेत्यांनी दिलेल्या आश्रयावर प्रबंध लिहू पाहणारी एक विद्यार्थिनी क्लाउस बार्बी निवडावा की शिरो इशी, या पेचात आहे. विजेत्यांना मिळाले काय, हे पाहिले तर फ्रान्समधील ल्यों शहरातल्या गेस्टापोचा (नाझी जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा) प्रमुख बार्बी १९४७ पासून अमेरिकी लष्कराचा खबऱ्या होता. जपानी लष्कराच्या ‘युनिट ७३१’ या जैविक युद्धाच्या गुप्त तुकडीचा प्रमुख इशी मात्र हेर नव्हेच, जिवंत माणसांवरील जैविक अस्त्रांच्या प्रयोगांची माहिती अमेरिकेला देऊन त्याने अभय विकत घेतले. उत्तरदायित्वाचा फरक अधिक बोचरा आहे: फ्रान्सने मागणी करूनही १९५१ मध्ये बोलिव्हियाला पळवलेल्या बार्बीबद्दल अमेरिकेने १९८३ मध्ये फ्रान्सची माफी मागितली आणि १९८७ मध्ये त्याला जन्मठेप झाली, तर इशी १९५९ मध्ये खटल्याविना वारला. हेरखात्याची कार्यपद्धती तपासायची असेल, तर बार्बी घ्यावा; विज्ञानाच्या नावाखालील सौदा अभ्यासायचा असेल, तर इशीच.