केनियात सहा महिने बचत गटांसोबत: इंटर्नशिपचा अनुभव

एम.कॉम. झाल्यावर सहा महिने मी केनियात, किसुमूजवळ, बायकांच्या बचत गटांसोबत इंटर्नशिप केली. नाशिकला परतून चार महिने झाले. सिडकोतल्या दोघी-तिघींनी विचारलं, "आम्ही जावं का गं?" म्हणून सविस्तर लिहिते.

खर्चाचं आधी. इंटर्नशिप जुळवून देणाऱ्या मधल्या संस्थेच्या फीमध्ये फक्त राहणं-जेवण होतं. विमानाचं तिकीट, देशात शिरण्याचा परवाना, विमा वेगळा, हे मला पैसे भरल्यावर कळलं. सगळं लेखी घ्या. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी टोचून घ्या, परत येताना तिचा दाखला लागतो.

"तुम्ही तिथल्या बायकांना धंदा शिकवाल," असं संस्थेनं सांगितलं होतं. पहिला दीड महिना मला काहीही शिकवता आलं नाही. स्वाहिली येत नव्हती. तिथे तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे 'सा तातू', म्हणजे शब्दशः तीन वाजता, म्हणजे आपले सकाळचे नऊ. मी दुपारी तीनला पोचले, तेव्हा बैठक कधीच उरकली होती. निघण्याआधी निदान मोजण्याइतकी भाषा शिकाच.

खरं शिकले ते पेटीपाशी. पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं, किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे आणि पेटी चौथीच्या घरी. सगळ्या जमल्याशिवाय ती उघडत नाही. दर बैठकीला प्रत्येक बाई एक ते पाच शेअर, म्हणजे बचतीचे ठरलेले हिस्से, घेते, तेवढे शिक्के तिच्या पासबुकात उमटतात. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा शिक्क्यांवर बोट ठेवून आपली बचत सांगते. वर्षाअखेरीला आपसात दिलेल्या कर्जांच्या व्याजासकट सगळं वाटून घेतात. ही पद्धत १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू झाली. आपल्याकडे नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या सरकारी बँकेनं १९९२ पासून गट बँकांना जोडले, म्हणून आपल्या गटांना मोठं कर्ज मिळतं. पण आपल्याकडची रक्कम सचिवाच्या वहीत असते, तिथली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते.

एका भाजीवालीनं बाहेरून १०,००० शिलिंग घेतले होते, दहा हप्ते, महिना दोन टक्के, पण मूळ रकमेवर. व्याज झालं २,०००. उरलेल्या मुद्दलावर मोजलं असतं तर १,१००. हे मी तिच्यासमोर डाळीचे दाणे मांडून दाखवलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. माझ्या सहा महिन्यांतलं सगळ्यात उपयोगी काम मला हेच वाटतं. नाशिकला बुधवारच्या बाजारात गोदाकाठी बसणाऱ्या बायकांनाही हप्ता ठाऊक असतो, व्याज नाही.

तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीची इंटर्नशिप घेऊ नका, ओळख होईपर्यंतच ती संपते. आणि जाण्याआधी आपल्या गल्लीतल्या गटाच्या तीन-चार बैठका बसून बघा. मी हे केलं नव्हतं, आई आमच्या गटाची सचिव असूनही.

आता आईच्या गटात शिक्क्यांची पासबुकं सुरू केलीत. अंगठा लावणाऱ्या दोन मावश्या परवाच्या बैठकीत स्वतः मोजत होत्या. एकीला एक शिक्का कमी सापडला. वही तपासली, तर चूक वहीतच होती.