छतावरचा सायकल कॅरियर: थुले प्रोराइड ५९८, ठाण्याच्या तळघरांच्या हिशेबाने

कॅरियर म्हणून प्रोराइड ५९८ उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याचं वजन ४.२ किलो. २० किलोपर्यंतची सायकल तो पेलतो आणि पुढचं चाक काढावं लागत नाही. फ्रेमच्या खालच्या नळीला धरणाऱ्या पंजात २२ ते ८० मिलीमीटर व्यासाची गोल नळी बसते. पंजा आवळायची गुंडी छताच्या पातळीवर, म्हणजे हात पोचेल अशी आहे. पुरेसा दाब आला की ती कट्कट् वाजते, म्हणून ॲल्युमिनियमची नळी चेपायची भीती फारशी उरत नाही. कार्बन फ्रेमला वेगळं संरक्षक आवरण लागतं, ते घेतल्याशिवाय पंजा लावू नये.

घोडबंदर रोडवरच्या टॉवरात राहणाऱ्याने तो घ्यावा का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर टेपने मोजूनच मिळतं.

क्रेटाची उंची १६३.५ सेंमी. तिच्यावर आडवे बार आणि ट्रे मिळून साधारण १० सेंमी. मोठ्या माणसाची सायकल हँडलपर्यंत १०० ते १०५ सेंमी. म्हणजे एकूण पावणेतीन मीटर. स्विफ्ट १५२ सेंमीची असली तरी बेरीज २.६ मीटरच्या पुढेच जाते. आता आपल्या सोसायटीच्या तळघराच्या तोंडाशी काय पाटी आहे ते बघा. २.१, फार तर २.४. तीही तुळईपर्यंतची असते. पुढे आग विझवायचे पाइप आणि हवेचे डक्ट त्याहून खाली लोंबतात. उतार संपतो तिथे गाडीचं नाक खाली आणि शेपूट वर असतं, त्यामुळे तिथे आणखी काही सेंमी कमी धरायचे. येऊरच्या डोंगरावरून सकाळी परतताना रस्ता ओळखीचा, वॉचमन ओळखीचा, हात आपोआप रॅम्पकडे वळतो. छतावरच्या सायकलींचं सगळ्यात महाग नुकसान हायवेवर नाही, या शेवटच्या पन्नास मीटरांत होतं.

धडकेत मोडतं ते सायकलपेक्षा जास्त गाडीचं. हँडल तुळईला लागलं की एक मीटर उंचीवरचा तो दाब तरफेसारखा बारच्या पायांवर येतो. पुढचा पाय उपटला जातो, मागचा पत्र्यात घुसतो. छताचा पत्रा जेमतेम पाऊण मिलीमीटरचा, त्यामुळे खळगा तर पडतोच, छतावरची रेल (बार जिच्यावर बसतात ती लांब दांडी) ज्या बोल्टवर बसते तिथला भागही वाकतो. सायकल मागे पडली तर डिकीची काच आणि स्पॉयलर गेले. पुढे काचेचं मोठं सनरूफ असेल तर खर्चाचं बोलायलाच नको. नुसता खळगा रंग न तुटता पडला असेल, तर तो आतून दाबून काढता येतो, पण त्यासाठी छताचं लायनिंग उतरवावं लागतं. रेलजवळ पत्रा मुडपला तर छत कापून नवं वेल्ड करावं लागतं, पुढची-मागची काच काढून. नंतर तिथून पाणी झिरपत नाही ना, हे पावसाळ्याआधी होजपाइप लावून तपासून घ्या.

विम्यात हे ‘ओन डॅमेज’मध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत बसतं. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १००० रुपये वजावट, त्यापुढे २०००. खरी किंमत नो क्लेम बोनसची: पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला बोनस एका दाव्यात शून्य होतो, त्यासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर. त्यामुळे लहान खळग्यासाठी दावा करण्याआधी डेंटिंगवाल्याचा आकडा घ्यावा. सायकलची भरपाई गाडीच्या पॉलिसीत धरू नका.

आता सावकाश होणारं नुकसान. बारच्या पायाखाली धूळ राहिली की रबर तिला पॉलिश पेपरसारखं रंगावर घासतं. बसवण्याआधी पत्रा धुवून कोरडा करा आणि पायाखाली पारदर्शक फिल्म चिकटवा. पट्ट्यांची मोकळी टोकं वाऱ्यात फडफडून रंग मारतात, ती गुंडाळून बांधा. बोल्ट किटमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळा. आपल्याकडे ‘अजून एक पीळ’ द्यायची सवय फार, आणि दाराच्या चौकटीला पकडणाऱ्या पायांनी त्याच पिळाने दाराचं रबर (गॅस्केट) दबतं. ठाण्याच्या खड्ड्यांनंतर पहिल्या थांब्यावर सगळं पुन्हा हलवून बघा. दोन सायकली उलटसुलट तोंडाने ठेवा, नाहीतर हँडलं एकमेकांत अडकतात. छतावर शार्क-फिन अँटेना असेल तर ट्रे आणि उघडी डिकी कुठवर येते, हे रिकामा ट्रे बसवून आधी बघून घ्या.

वजनाची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते आणि तीत बार-कॅरियरही मोजतात. मर्यादा ५० किलो असेल, तर बार ६, दोन कॅरियर ८.४ आणि १४ किलोच्या दोन सायकली मिळून ४२.४, म्हणजे चालेल. तिसरी सायकल चढवली की ६०.६. काही गाड्यांच्या रेल नुसत्या शोभेच्या असतात, तेही मॅन्युअलच सांगेल. अटल सेतूवर आडवा वारा असतो. तिथे कारला १०० ची मर्यादा असली तरी सायकली वर असताना ८० च्या आतच राहा.

सायकलचा पुढचा काटा (फोर्क) पकडणारा कॅरियर पुढचं चाक काढायला लावतो. उंची पंधरा-वीस सेंमीने घटते, तळघराला ती पुरत नाहीच. त्याचा फायदा निराळा: काढलेलं चाक चालकाच्या शेजारच्या सीटवर ठेवलं की छताची आठवण समोर राहते. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरमध्ये स्पेसर घालायला विसरू नका. डिकीवर बांधायचे कॅरियर उंचीचा प्रश्न सोडवतात, पण नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकतात.

खारघर किंवा नेरूळला उघड्यावर गाडी लावणाऱ्याने प्रोराइड बेलाशक घ्यावा. तळघरवाल्याने घेतलाच, तर एकूण उंचीचा आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवावा आणि सायकली गेटबाहेरच उतरवाव्यात. वर-खाली सरकणारं यांत्रिक पार्किंग असेल तर बार कायमचे लावून ठेवू नका: तिथे वरच्या गाडीच्या पॅलेटखालची जागा इतकी मोजकी असते की रिकामा ट्रेही घासतो.