आठ महिन्यांनंतर: जुना राउटर बदलायला हवा होता का?

आमचा आधीचा राउटर २०१७ सालचा. एसी७५० वर्गातला, म्हणजे वाय-फाय ५ या पिढीतला सगळ्यात साधा. कधी बंद पडला नाही, कुरकुर नाही. त्यामुळे ‘चालतंय ना, मग कशाला बदलायचा?’ असंच घरात सगळ्यांचं म्हणणं, माझंही.

शंका आली ती इंटरनेटचा प्लॅन १०० वरून २०० एमबीपीएसचा केल्यावर. राउटरच्या शेजारी बसून स्पीड टेस्ट केली, लॅपटॉप थेट केबलने जोडून केली, तरी आकडा ९४ च्या पुढे सरकेना. तक्रार केली तर ‘मॅडम, वाय-फायवर एवढंच येतं’ असं उत्तर मिळालं. पण केबलनेही ९४च येत असेल, तर दोष वाय-फायचा कसा?

हा ९४ चा आकडा ओळखून ठेवा. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून प्रत्यक्षात हाती लागतो तो साधारण एवढाच वेग. माझ्या राउटरच्या खोक्यावर ‘१०/१००’, म्हणजे पोर्टचा वेग जास्तीत जास्त १००, असं स्वच्छ छापलेलं होतं, मी कधी वाचलंच नव्हतं. आत यायची वाटच अरुंद असेल तर मोठा प्लॅन घेऊन पैसे वाया जातात.

मग गिगाबिट पोर्ट (१००० एमबीपीएसपर्यंतचा) असलेला, पुढच्या पिढीचा म्हणजे वाय-फाय ६ चा एएक्स१८०० राउटर घेतला, तीन हजारांच्या आतबाहेर. जोडला, टेस्ट लावली. पुन्हा ९४!

त्या संध्याकाळी मी तो परत करायच्या बेतात होते. मुलीने ओएनटीपासून, म्हणजे फायबर ज्या पांढऱ्या डब्यात येतं तिथपासून, राउटरपर्यंत येणारी केबल काढली आणि टोक ट्यूबलाइटपुढे धरलं. पारदर्शक प्लगमध्ये आठ तारा दिसायला हव्यात, दिसल्या चारच. केशरी आणि हिरवी जोडी आत होती, निळी आणि तपकिरी बाहेरच छाटून टाकलेली. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, दोनच मिळाल्या की पोर्ट मुकाट्याने १०० वर उतरतो. नव्या राउटरच्या खोक्यातली केबल लावली आणि १९० च्या वर आकडा गेला. तुमच्या जुन्या राउटरला गिगाबिट पोर्ट असतील, तर आधी केबल तपासा. शंभर-दीडशे रुपयांत काम होऊन जाईल.

आता आठ महिन्यांचा अनुभव. हॉलमध्ये आणि लगतच्या खोलीत वेग उत्तम. घरातल्या पाच फोनांपैकी वाय-फाय ६ चे दोनच, बाकीचे जुन्या पद्धतीनेच बोलतात. पण संध्याकाळी नवऱ्याची मीटिंग, मुलीचं लेक्चर आणि टीव्ही एकाच वेळी चालू असताना पूर्वी चित्र अडकायचं, ते थांबलं.

मागच्या खोलीत मात्र निराशा झाली. आमची इमारत जुनी, भिंती नऊ इंची विटांच्या. दोन भिंतींपलीकडे, वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी वेगवान पण कमी लांब पोचणारा ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल नव्या राउटरचाही पोचत नाही. सासूबाई तिथूनच नातवाला व्हिडिओ कॉल करतात, त्यामुळे हे सोडून देण्यासारखं नव्हतं. शेवटी जुना राउटरच कामी आला. त्याचं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं, त्याला नव्याच्याच रांगेतला पण वेगळा आयपी पत्ता (नेटवर्कमधला क्रमांक) दिला, आणि नव्यापासून आणलेली केबल वॅन (बाहेरचं इंटरनेट येतं त्या) नव्हे, लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टमध्ये खोचली. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड तोच ठेवला. १०० चा पोर्ट तिथे आडवा येत नाही, व्हिडिओ कॉलला तेवढं पुष्कळ होतं. केबल दरवाजाच्या चौकटीवरून क्लिपा ठोकून नेली आहे, दिसायला बरी नाही, पण वाय-फाय पकडून पुढे पाठवणाऱ्या रिपीटरपेक्षा हजारपट भरवशाची.

नव्या राउटरलाही जुनंच नाव आणि पासवर्ड दिला होता, त्यामुळे सगळे फोन आपोआप जोडले गेले. अडला फक्त प्रिंटर. तो दुसऱ्या, हळू पट्ट्यावर म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालतो आणि डब्ल्यूपीए३, म्हणजे वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत, त्याला समजत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालणारी सेटिंग निवडली तेव्हा जोडला गेला.

एक खर्च मी धरलाच नव्हता. जुन्या राउटरला ९ व्होल्ट लागायचे, नव्याला १२, त्यामुळे छोटा यूपीएस निकामी ठरला. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की घरून काम करणाऱ्यांची पंचाईत होते, म्हणून राउटर आणि ओएनटी दोन्ही चालतील असा १२ व्होल्टचा नवा घ्यावा लागला. राउटर घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचून घ्या.

तुमचा प्लॅन १०० किंवा त्याखाली असेल आणि घर लहान असेल, तर वेगासाठी नवा राउटर घेऊ नका, जुना उंचावर, घराच्या मध्यावर ठेवून बघा. पण कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचं शेवटचं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) कोणत्या सालचं आहे तेही बघा. आमच्या जुन्याला २०२० नंतर एकही सुरक्षा-अपडेट आला नव्हता, आणि घरातल्या सगळ्यांचं बँकेचं काम त्यातूनच जात होतं. वेगाचं सोडा, एवढ्या एका कारणासाठीही मी तो इंटरनेटच्या तोंडावरून हलवला असता.