कॉलेजसाठी टॅब की लॅपटॉप? आधी तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस उघडा

कॅप राउंडमध्ये सीट पक्की झाली, फी भरून झाली की आमच्या घरात पुढचा विषय हाच निघतो. आत्तापर्यंत दोन पुतण्या आणि एक भाचा, तिघांच्याही खरेदीला मी सोबत होते. शिवाय मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते, त्यामुळे कोणाचं घोडं कुठे अडतं हे रोज डोळ्यांसमोर असतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पहिल्या वर्षाच्या वर्गाकडे बघून केलेली निवड. पहिल्या वर्षी बहुतेक कोर्सना नोट्स, पीडीएफ आणि व्हिडिओ एवढंच काम असतं. त्या कामाला टॅब इतका सुटसुटीत वाटतो की लॅपटॉप म्हणजे उगाच पाठीवरचं ओझं. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्ट सुरू झाल्यावर. म्हणून दुकानात जाण्याआधी विद्यापीठाच्या वेबसाइटवरून पूर्ण कोर्सचा सिलॅबस उतरवून घ्या आणि त्यातल्या सॉफ्टवेअरच्या नावांखाली रेघ मारत जा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण निम्मा निर्णय तिथेच होतो.

सॉफ्टवेअर काय सांगतं

माझी थोरली पुतणी सिव्हिलला. पहिल्या वर्षी तिने हट्टाने टॅब घेतला आणि वर्षभर खूश होती. दुसऱ्या वर्षी ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर आलं. ऑटोकॅडचं मोबाइल अ‍ॅप आहे, ड्रॉइंग उघडून बघायला, माप तपासायला, किरकोळ बदल करायला ते चांगलं आहे. पण सबमिशनची अख्खी शीट त्यावर काढायला बसलं की रात्र सरते आणि शीट होत नाही. पुढे इमारतींच्या डिझाइनसाठी लागणारं रेव्हिट आणि स्टॅड प्रो आलं. ही दोन्ही फक्त विंडोजवर चालतात. मेकॅनिकलच्या मुलांना लागणाऱ्या सॉलिडवर्क्सचंही तेच. म्हणजे या शाखांना टॅब तर नाहीच, महागडं मॅकबुक घेतानाही दोनदा विचार करावा लागेल. शेवटी तिच्यासाठी लॅपटॉप घ्यावाच लागला आणि एका वर्षात दोन खरेद्या झाल्या. तो खर्च घराला जड गेला होता, म्हणून इतक्या कळकळीने लिहिते आहे.

कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांना वाटतं, सगळं आता ब्राउझरमध्येच होतं. काही प्रमाणात ते खरं आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची प्रॅक्टिकल्स गुगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमध्येच प्रोग्राम चालवायच्या सोयीवर, टॅबमधूनही चालतात. पण मोबाइल अ‍ॅप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ टॅबवर चालत नाही, स्वतःच्या मशीनवर डेटाबेस आणि सर्व्हर चढवून प्रोजेक्ट दाखवायचा तर लॅपटॉपच हवा. शेवटच्या वर्षी प्लेसमेंटच्या ऑनलाइन कोडिंग टेस्टना वेबकॅम असलेला लॅपटॉप किंवा डेस्कटॉप मागतात. त्या दिवशी मित्राचा लॅपटॉप उसना आणून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. अनोळखी कीबोर्ड, पासवर्ड विचारायला फोन, आणि घड्याळ पुढे पळतंय.

कॉमर्सवाल्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली प्राइम विंडोजवर चालतं. आणि टॅबवरच्या एक्सेलमध्ये साधी सूत्रं चालली तरी मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या सूचना, चालत नाहीत. शिवाय १०.१ इंचापेक्षा मोठ्या स्क्रीनच्या टॅबवर मायक्रोसॉफ्टचं वर्ड-एक्सेल वापरून फाइलमध्ये बदल करायचे तर वर्गणी भरावी लागते. ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. सीएची आर्टिकलशिप करायची असेल तर अनेक फर्म स्वतःचा लॅपटॉप आणायला सांगतात.

वाचन आणि हाताने लिहिणं

इथे मात्र टॅबला तोड नाही.

माझा भाचा बीएएमएसला आहे. रचना शारीर, क्रिया शारीर, संहिता, पदार्थ विज्ञान. म्हणजे एकीकडे हाडं आणि स्नायूंच्या आकृत्या, दुसरीकडे श्लोक आणि त्यावरच्या टीका. तो टॅबची स्क्रीन दोन भागांत उघडतो, डावीकडे ग्रंथाची पीडीएफ आणि उजवीकडे कोरं पान. श्लोकातल्या शब्दाला गोल करून तिथेच अर्थ लिहितो, आकृतीत शिरा निळ्या आणि धमन्या लाल रंगवतो. हे लॅपटॉपवर करून बघा, माऊस हातात धरून दहा मिनिटांत कंटाळाल. गणिताचंही तसंच. इंटिग्रेशन, सर्किट, बेंझिनचं कडं, हे कीबोर्डवर टाइप होत नाही, लिहावंच लागतं. आपल्या विद्यापीठांच्या थिअरी परीक्षा अजून पेनाने कागदावरच होतात, त्यामुळे हाताची सवय राहणं हाही फायदाच. (तरी परीक्षेच्या आधी महिनाभर कागदावर लिहायला बसाच. काचेवरचं अक्षर आणि कागदावरचं अक्षर यांत फरक पडतो, वेग तर नक्कीच पडतो.)

सीनियर्सच्या झेरॉक्स नोट्स स्कॅन होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ११ इंची टॅब उभा धरला की ए-फोरचं पान जवळपास पूर्ण दिसतं. १५.६ इंची लॅपटॉपवर तेच पान वाचण्याजोगं केलं की अर्धंच दिसतं आणि सारखं खालीवर सरकवत बसावं लागतं.

पण यात एक मेख आहे. टॅबची सगळी मजा पेनात आहे, आणि पेन प्रत्येक टॅबला चालत नाही. सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब एस मालिकेत पेन डब्यातच येतं. त्याच कंपनीच्या स्वस्त टॅब ए९ला ते पेन चालत नाही. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांना मिळणारं रबरी टोकाचं पेन म्हणजे फक्त बोटाची जागा घेणारी काडी. त्याला दाब कळत नाही, आणि लिहिताना तळहात टेकला की टॅबला तोही स्पर्शच वाटतो, पानभर रेघोट्या उमटतात. दुकानात उभं राहून, हात टेकवून, चार ओळी लिहून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

टायपिंग आणि सबमिशन

दोन पानांची असाइनमेंट कशावरही होते. साठ पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट, त्यात अनुक्रमणिका, आकृत्यांचे क्रमांक, गाइडने तिसऱ्यांदा परत पाठवलेले बदल, हे टॅबवर करायचं म्हणजे आडवाटेने गावाला जाणं. पोहोचता, पण दमून. मराठीतून लिहिणाऱ्यांना विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळी कोणी मोजत नाही. घरात लॅपटॉप आला की तो एकट्याचा राहत नाही. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला ठरलेल्या आकारात बसवणं, धाकट्याच्या प्रवेशाचा अर्ज, वडिलांची पीएफची कामं. टॅबवरही यातलं बरंचसं होतं, पण फाइल लहान करून योग्य जागी चढवण्यात लॅपटॉपवर डोकं कमी तापतं.

पैशाचा हिशेब पूर्ण मांडा

टॅब स्वस्त, लॅपटॉप महाग, असं आपण धरून चालतो. मार्च २०२५ मध्ये ए१६ चिपचा आयपॅड भारतात आला तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत ३४,९०० रुपये होती. यूएसबी-सी पेन्सिल ७,९०० आणि कंपनीचा कीबोर्ड २४,९००. बेरीज ६७,७०० रुपये. एवढ्या पैशांत तेव्हा १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचा चांगला विंडोज लॅपटॉप येत होता. किमती पुढेमागे होतात, ऑफर येतात-जातात, पण बेरीज करायची पद्धत हीच: टॅब, पेन, कीबोर्ड, कव्हर आणि लागणाऱ्या अ‍ॅपची वर्गणी. फक्त वाचायला आणि लिहायला हवा असेल तर कीबोर्ड वगळा, मग टॅब खरोखर स्वस्त पडतो.

लॅपटॉप घेताना ८ जीबीवर भागवायचं असेल तर पुढे रॅम वाढवता येते का, हे विचारून घ्या. बऱ्याच पातळ मॉडेल्समध्ये रॅम बोर्डवरच पक्की जोडलेली असते, बदलता येत नाही. थोरल्या पुतणीच्या लॅपटॉपला जागा होती, म्हणून तिसऱ्या वर्षी रॅम वाढवून, मोठी एसएसडी टाकून तो पुन्हा पळू लागला. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉपची बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन बदलून देणारे कारागीर सहज भेटतात. टॅब आतून गोंदाने बंद केलेला असतो. भाच्याचा टॅब एकदा बसमध्ये पडला, तेव्हा स्क्रीनसाठी सांगितलेला आकडा ऐकून आम्ही तो तसाच तडा घेऊन वापरायचं ठरवलं. कव्हर पहिल्या दिवशीच घ्या.

जुना लॅपटॉप घ्यायला हरकत नाही, पण विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर चालतो. त्याआधीचं मशीन कितीही चकचकीत दिसलं तरी विंडोजच्या कामासाठी घेऊ नका.

बॅटरी आणि वजनात टॅब पुढे. अर्ध्या किलोची वस्तू, वीज गेली तर पॉवर बँकवर चार्ज होते. रोज एसटीने किंवा लोकलने दोन तास प्रवास असेल तर याचं मोल मोठं.

मग माझं मत

इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, कॉमर्स: लॅपटॉप, डोळे मिटून. नोट्ससाठी वही आहेच. पैसे साठले तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साधा टॅब घ्या. एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंग, फिजिओथेरपी: चांगलं पेन असलेला टॅब, आणि घरात एखादा जुना कॉम्प्युटर असेल तर आणखी काही नको. कला शाखा आणि लॉ हे या दोन गटांच्या मधे कुठेतरी येतात. वाचन प्रचंड, पण लॉला मेमोरियल (मूट कोर्टसाठीचा लेखी युक्तिवाद) आणि ड्राफ्ट टाइप करण्याचं कामही तितकंच. धाकटी पुतणी यंदा पाच वर्षांच्या लॉला गेली, तिला मी लॅपटॉपच घ्यायला सांगितला. स्क्रीन पूर्ण उलटी वळणारे, पेन चालणारे लॅपटॉपही मिळतात, पण ते हातात धरून वाचायला जड पडतात. दोन्ही कामं त्यावर होतील या आशेने घेतलेल्यांपैकी बहुतेकांना मी तो लॅपटॉपसारखाच वापरताना पाहते.

घाई मात्र करू नका. कॉलेज सुरू होऊन दोन आठवडे जाऊ द्या. त्या दोन आठवड्यांत तिसऱ्या वर्षाच्या दोघांना आणि तुमच्या लॅबमधल्या असिस्टंटला एवढंच विचारा: लॅबमधली मशीन्स सबमिशनच्या आठवड्यात मोकळी मिळतात का, आणि लॅब किती वाजता बंद होते? आमची पाचला बंद होते, आणि पाच वाजता बाहेर काढताना ज्यांचे चेहरे पडतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या बॅगेत टॅब असतो.