भोपाळहून आणलेला साजा

नागपूरच्या ज्युनियर कॉलेजात मी २८ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. जंगलात मुलांना ऐनाचं झाड ओळखायला शिकवणं सगळ्यात सोपं. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली साल दाखवली की झालं. गेल्या हिवाळ्यात भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात, ‘लिखंदरा’ दालनात, एका चित्रातलं झाड मी पाटी न वाचताच ओळखलं आणि तिथून माझा पाय निघेना.

या दालनात ‘शलाका’ नावाने दर महिन्याला एका आदिवासी चित्रकाराचं प्रदर्शन लागतं आणि चित्रं विकतही मिळतात. त्या महिन्यातल्या ताई परधान गोंड, दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढच्या. म्हणजे जनगढसिंह श्याम यांच्या गावच्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या माणसांना तिथल्या भिंतींवर जनगढ यांचं काम दिसलं, त्यांनी त्यांना भोपाळला भारत भवन या कलाकेंद्रात आणलं आणि भिंतीवरची चित्रं कागदावर, कॅनव्हासवर आली. या शैलीला आज ‘जनगढ कलम’ म्हणतात.

आपला ऐन म्हणजे तिकडचा साजा. गोंडांचा बडादेव साजात राहतो. परधान हे गोंडांचे गाथा गाणारे. त्यांनी साजाखाली बसून बाना, म्हणजे त्यांचं तंतुवाद्य, वाजवला की देव जागा होतो. मी ताईंकडून घेतलेल्या चित्रात बाना खोडाच्या आतच आहे. त्याच्या तीन तारा वर जाऊन तीन फांद्या होतात. असं का, म्हणून विचारलं तर ताई म्हणाल्या, “गाना उसी में से तो निकलता है, दीदी.”

खरी कमाल सालीत आहे. या शैलीत प्रत्येक चित्रकाराचं आकार भरण्याचं नक्षीकाम स्वतःचं असतं. ताईंनी सालीचा एकेक चौकोन तांदळाच्या कणीएवढ्या रेघांनी भरलाय आणि शेजारच्या चौकोनात रेघांची दिशा बदललीय. घरी भिंग लावून पाहिलं, एकही रेघ दुसरीवर चढलेली नाही. आणि प्रत्येक पानाच्या बुडाशी, देठाजवळ, दोन बारीक लाल ठिपके! ऐनाच्या पानाला मागून तिथेच दोन ग्रंथी असतात. परीक्षेत निम्मी मुलं त्या काढायला विसरायची. ताईंना त्या ठाऊक होत्या, कारण “वहाँ चींटी आती है”. हे ऐकून मला भरून आलं.

दोन बाय तीन फुटांच्या कॅनव्हासवरच्या अॅक्रिलिकचे साडेनऊ हजार दिले. घासाघीस केली नाही, तुम्हीही करू नका. न आवडलेलं एकच, खालच्या कोपऱ्यातले दोन पोपट. जागा भरायला बसवल्यासारखे वाटतात.

मनस्ताप झाला तो नागपुरात. फ्रेमवाल्याने काच थेट रंगाला टेकवून बसवली. पहिल्याच पावसाळ्यात ओल धरली आणि काच काढताना दोन चौकोनांतला रंग काचेबरोबर निघाला. मी त्याच्याच दुकानात रडले. कॅनव्हासला काच लावूच नका. लावायचीच असेल तर मधे बोटभर मोकळी जागा सोडायला सांगा आणि काम होईपर्यंत तिथे उभे राहा.

जाणार असाल तर सोमवारी संग्रहालय बंद असतं. चित्रकार दालनात असतील तर चित्र घेण्याआधी त्यांच्याजवळ बसा, गोष्ट विचारा. छापील प्रतीत या रेघांच्या रंगाचा उठाव हाताला लागत नाही.

ताईंना रंग निघालेल्या चित्राचा फोटो पाठवला होता. “लेकर आ जाना, भर दूँगी,” म्हणाल्या. मार्चमध्ये चित्र घेऊन जाते आहे. पोपटांबद्दलही विचारणार आहे.