आठ महिने, सव्वीस सेशन: आत्महत्येच्या विचारांसाठी गावातच थेरपिस्ट शोधला, त्याचा अनुभव

आधी एक गोष्ट सांगतो. हे वाचताना आत्ता, आजच्या रात्रीच जीव द्यायचे विचार जोरात येत असतील तर थेरपिस्ट शोधत बसू नका. त्या शोधाला दिवस लागतात. आत्ता १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. विचार हाताबाहेर जात असतील तर एकटे राहू नका. घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी उठवा आणि जवळच्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा, नाहीतर ११२ लावा. पुढचं सगळं उद्या वाचलं तरी चालेल.

मी सांगलीत राहतो, विश्रामबागेत, दादा-वहिनीबरोबर. एका पतसंस्थेत काउंटरला आहे. वय चौतीस. आई गेल्यानंतरच्या वर्षात माझी झोप गेली, मग भूक गेली, आणि मग कधीतरी तो विचार यायला लागला. पहिल्यांदा आला तेव्हा मी दचकलो होतो. तीन महिन्यांनी दचकणं बंद झालं. मला खरी भीती वाटली ती त्या दिवशी. कारण काय, असं सगळे विचारतात. एकच कारण नव्हतं. कर्ज नाही, प्रेमभंग नाही, नोकरी बरी चाललेली. कारण सापडत नाही म्हणून आपल्याला मदत मागायचा हक्कच नाही असं मला वाटायचं, आणि त्यात बरेच महिने गेले.

पहिला प्रयत्न मोबाईलवरचा. एका ॲपवर पैसे भरून चॅट सुरू केलं. दोन वेळा चांगलं वाटलं. तिसऱ्या वेळी समोर वेगळीच व्यक्ती होती, तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागलं. चौथ्या वेळी मी धीर करून 'मरून जावंसं वाटतं' असं लिहिलं, तर ठोकळेबाज मजकूर आला आणि खाली हेल्पलाइनचे नंबर. नंबर देणं चूक नाही, ते द्यायलाच हवेत. पण पलीकडचा माणूस त्यानंतर बोलायचाच थांबला. रात्री पावणेबारा वाजता मी तो मजकूर चार वेळा वाचला. ॲप वाईटच असतात असं मी म्हणणार नाही, परीक्षेचा ताण किंवा ऑफिसातल्या कटकटी यासाठी माझ्या एका मैत्रिणीला त्यांचा उपयोग झाला. या विचारांसाठी मात्र मला माझं नाव, माझा चेहरा आणि माझ्या घरचा पत्ता माहीत असलेला माणूस हवा होता. एवढं त्या रात्री पक्कं झालं.

दुसरा प्रयत्न गावातल्याच एका समुपदेशकांकडे. बाहेर मोठा बोर्ड, भिंतीवर सहा-सात सर्टिफिकिटं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, आई-वडिलांनी एवढं वाढवलं, त्यांचा विचार करा. रोज सकाळी ध्यान करा, मन सकारात्मक ठेवा." आई गेलीय हे मी त्यांना दहा मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं. मी बाहेर पडून गाडीला किक मारेपर्यंत त्यांनी दादाला फोन केलेला. फॉर्मवर घरचा नंबर लिहून घेतला होता ना. घरी आलो तर वहिनी दारात रडत उभी. दादाला कळलं याचं मला आज वाईट वाटत नाही, ते कळायलाच हवं होतं. पण मला आधी सांगून, माझ्यासमोर बसून तो फोन करता आला असता. त्या प्रकारामुळे पुढचे पाच आठवडे मी कुणाशीही बोललो नाही. ते पाच आठवडे सगळ्यात वाईट होते.

इथं एक माहिती द्यायलाच हवी, मला ती कुणी दिली नव्हती. 'समुपदेशक' किंवा 'काउन्सेलर' अशा पाटीवरून समोरच्याचं शिक्षण किती हे कळत नाही. सहा महिन्यांचा कोर्स केलेलाही ती लावतो आणि उत्तम शिकलेलाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून, म्हणजे मानसिक आजारांवर बोलण्यातून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ म्हणून, काम करायला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारायचा, परिषदेच्या वेबसाइटवर तो तपासता येतो. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हे एमबीबीएसनंतर त्यातलं पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. गोळ्या ते लिहून देतात, सायकॉलॉजिस्ट देऊ शकत नाहीत. चांगले समुपदेशकही पुष्कळ आहेत, माझा राग सगळ्यांवर नाही. पण आत्महत्येचे विचार असतील तर नुसत्या पाटीवर विसंबू नका.

मग दादाच मला मिरजेला घेऊन गेला. मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव, तिथं मानसोपचारतज्ज्ञ मिळणं अवघड नाही. वेटिंग रूममध्ये दोन तास बसलो, आत साधारण दहा मिनिटं. पण त्या दहा मिनिटांत डॉक्टरांनी जे विचारायचं ते नेमकं विचारलं. गोळ्या सुरू केल्या, एका वेळी आठवड्याच्याच दिल्या, त्या वहिनीकडे ठेवायला सांगितल्या, आणि फरक पडायला दोन-चार आठवडे जातील, कधी जास्तही, हे आधीच बजावलं. सुरुवातीला अस्वस्थ वाटलं किंवा विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं, असंही सांगितलं. तसं पहिल्याच आठवड्यात झालं. हातपाय स्वस्थ बसेनात. दुसऱ्याच दिवशी गेलो, त्यांनी डोस बदलला. आपण होऊन गोळी बंद केली असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक. निघताना त्यांनी कागदावर एक नाव लिहून दिलं: "गोळ्या माझ्याकडे, बोलणं यांच्याकडे. दोन्ही लागेल."

त्या म्हणजे माझ्या मॅडम. नाव लिहीत नाही, परवानगी घेतलेली नाही. घरापासून गाडीवर बारा मिनिटं.

यावेळी मी जाण्याआधी फोनवरच तीन गोष्टी विचारल्या. आत्महत्येचे विचार असलेल्या लोकांबरोबर तुम्ही काम करता का? दोन सेशनच्या मध्ये काही बिनसलं तर मी काय करायचं? आणि मी सांगितलेलं तुम्ही कुणाला, कधी सांगाल? त्या न अडखळता बोलल्या. हो, करते. मी चोवीस तास फोन उचलू शकत नाही, म्हणून पहिल्याच भेटीत आपण एक योजना लिहून काढू. आणि तुमचं बोलणं माझ्यापाशी राहील, फक्त जिवाला धोका वाटला तर घरच्यांना सांगीन, तेही आधी तुम्हाला सांगून. तिसरं उत्तर ऐकलं आणि मी अपॉइंटमेंट घेतली.

पहिल्या भेटीत पाणी प्यायल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "जीव द्यावा असं वाटतं का? दिवसातून किती वेळा? काही ठरवून ठेवलंय का?" आवाज अजिबात बदलला नाही. थंडीतापाची चौकशी करावी तसा. मी रडलो. तोपर्यंत मला कुणीही हा शब्द उच्चारून विचारलं नव्हतं, सगळे 'तसलं काही' म्हणायचे. असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात विचार घुसतो ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. ती खरी नाही, जागतिक आरोग्य संघटनाही हा गैरसमजच मानते. उलट विचारल्यावर माणूस बोलतो. मी तरी बोललो.

मग ती योजना. इंग्रजीत तिला सेफ्टी प्लॅन म्हणतात, बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी तिचा आराखडा बांधला. मॅडमनी छापील फॉर्म दिला नाही. पोस्टकार्डाएवढा जाड कागद दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या अक्षरात, तुमच्या शब्दांत." तो कागद आजही माझ्या मोबाईलच्या कव्हरमध्ये आहे, घडीवर फाटलाय म्हणून मागून चिकटपट्टी लावलीय. पहिली ओळ आहे, वादळ येतंय हे कशावरून ओळखायचं: 'डबा न उघडता परत आणतो. फोन पालथा ठेवतो. दादाच्या मुलाशी बोलत नाही.' ही तीन लक्षणं शोधायला आम्हाला पाऊण तास लागला. पुढे, एकट्यानं काय करायचं: गार पाण्यानं तोंड धुणं, गच्चीवर न जाता खालच्या गल्लीत चालणं. मग माणसांत कुठं जाऊन बसायचं: गणपती मंदिराचं आवार, कोपऱ्यावरची चहाची गाडी. मग कुणाला सांगायचं: वहिनी, आणि मामा. मामाच्या नावापुढं मी लिहिलंय, 'प्रश्न विचारत नाही, चहा पाजतो.' मग डॉक्टर, मॅडम, १४४१६. शेवटी, घर सुरक्षित कसं करायचं. त्यासाठी मॅडमनी माझ्या संमतीनं दादाला बोलावलं, मी समोर बसलेलो असताना. ज्या गोष्टींची मला भीती वाटायची त्या दादानं त्याच संध्याकाळी घराबाहेर नेल्या.

तिसऱ्या महिन्यात या कागदाची परीक्षा झाली. आईचं वर्षश्राद्ध होऊन दोन दिवस झाले होते. पाहुणे गेलेले, रात्रीचे दीड वाजलेले. मी कागद काढला आणि खरंच एकेक ओळ करत गेलो. तोंड धुतलं. मंदिर बंद, चहाची गाडी बंद. वहिनीला उठवायची लाज वाटली, म्हणून आधी १४४१६ लावला. पलीकडून एका बाईंचा मराठी आवाज आला, त्यांनी नाव विचारलं, आत्ता कुठे आहात, सोबत कोण आहे ते विचारलं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "वहिनींना उठवताय का? तोवर मी फोनवर आहे." मी दार वाजवलं. वहिनी काही बोलली नाही, चटई घेऊन माझ्या खोलीत आली आणि दादाला पण बोलावलं. सकाळी साडेनऊला मॅडमनी मधली वेळ दिली, आणि मी बारा मिनिटांत त्यांच्यासमोर होतो. गावातला थेरपिस्ट हवा असं मी म्हणतो ते या सकाळमुळे. मुंबई-पुण्याचे मोठे नाव असलेले कुणी व्हिडिओवर मिळाले असते. त्या सकाळी मला व्हिडिओ चालू करायचंही बळ नव्हतं, दादानं मला गाडीवर मागं बसवून नेलं.

आता खटकलेल्या गोष्टी. फी आठशे रुपये, सुरुवातीला दर आठवड्याला, म्हणजे महिन्याचे बत्तीसशे. माझ्या पगाराला हे जड जातं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला लावलाय, पण माझ्या पॉलिसीत दवाखान्यात ॲडमिट न होता घेतलेले उपचार कुठल्याच आजाराचे मिळत नाहीत, त्यामुळे खिशातूनच. मी हे मॅडमना सांगितल्यावर त्यांनी पाचव्या महिन्यापासून पंधरा दिवसांवर आणलं. पैशांचं बोलायला लाजू नका, हे मला आधी कळायला हवं होतं. ज्यांना तेवढंही शक्य नाही त्यांनी सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठावा, तिथं तपासणीला फार पैसे लागत नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही त्यासाठीच आहे. गर्दी असते, वेळ कमी मिळतो, पण दार उघडं असतं.

दुसरं, खोलीची भिंत पातळ आहे. बाहेरचा टीव्ही ऐकू येतो, म्हणजे माझं बोलणंही बाहेर जात असणार, या विचारानं मी पहिले दोन महिने कुजबुजत बोललो. सांगितल्यावर त्यांनी बाहेरच्या खुर्च्या जिन्यापाशी हलवल्या. तिसरं, दिवाळीत त्या दहा दिवस सुट्टीवर होत्या. आधी सांगितलं होतं, दुसऱ्या एका ताईंचा नंबर दिला होता, तरी ते दहा दिवस लांबले. आणि मधे एकदा मला त्यांचा फार राग आला. 'तुम्ही आईला निरोप दिलाच नाही' असं त्या म्हणाल्या आणि मी पुढचं सेशन बुडवलं. नंतर जाऊन तोंडावर सांगितलं की मला ते लागलं. त्यांनी ऐकलं, घाई झाली म्हणाल्या, माफी मागितली. त्या दिवसानंतर मी त्यांच्याशी जास्त मोकळा झालो.

गावात कुणी बघेल ही भीती मलाही होती. पहिले काही आठवडे हेल्मेट जिना चढल्यावरच काढायचो. प्रकरण पोलिसांत जाईल का, हीसुद्धा भीती होती. विचार येणं हा गुन्हा नाहीच. प्रयत्न झालेल्या माणसालाही तो तीव्र तणावाखाली होता असं धरून शिक्षेपासून दूर ठेवावं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यावी, असं त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं. हे मॅडमनी मला वाचून दाखवलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं. आणि सहाव्या महिन्यात कुणीतरी बघितलंच. आमच्या पतसंस्थेचे एक जुने खातेदार जिन्यात समोर आले. चार दिवसांनी ते काउंटरला पासबुक घेऊन आले, नोंद झाली तरी हलेनात. मग हळूच म्हणाले, "साहेब, तिथल्या बाई बऱ्या आहेत का? आमच्या मुलीसाठी विचारतोय." मी पैसे काढायच्या स्लिपच्या मागं नंबर लिहून दिला, खाली १४४१६ पण लिहिला.

आज आठ महिन्यांनी स्थिती अशी. विचार पूर्ण गेलेले नाहीत. पूर्वी दिवसातून मोजता येणार नाहीत इतके यायचे, आता आठवड्यात एखादा येतो आणि मी त्याला ओळखतो. गोळी सुरू आहे, ती कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. डबा बहुतेक रोज संपतो. पुढचं सेशन मंगळवारी साडेपाचला आहे, मॅडमनी नवा कागद आणायला सांगितलाय. जुन्यावरची तिसरी ओळ बदलायचीय, चहाची गाडी आता रात्री साडेबारापर्यंत चालू असते.