सोसायटीला कॅमेरे की चौकीशी ओळख?

आणखी कॅमेरे बसवायचे की पोलीस चौकीशी संबंध वाढवायचे, असा पेच आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पडलाय.

खर्चात कॅमेरा महाग: वायरिंग, डीव्हीआर (फुटेज साठवणारं यंत्र), वर्षाची देखभाल. बीटवरच्या हवालदारांशी ओळख ठेवायला फक्त वेळ लागतो. बदली झाली की मात्र पुन्हा पहिल्यापासून.

धोका टाळण्यात माणूसच सरस. 2010 च्या जर्मन बेकरी स्फोटात 17 जण गेले. फुटेज कामी आलं ते नंतर, तपासाला. बेवारस पिशवी दिसताच 112 लावणारा हवा, आणि ‘उलट मलाच चौकशीला बसवतील’ ही भीती त्याला नको. भाडेकरूची पडताळणी आडनाव बघून कडक झाली, की हा विश्वास तिथेच संपतो.

चोऱ्यामाऱ्या, पार्किंगची भांडणं असतील तर कॅमेरे घ्या. नवखे भाडेकरू, विद्यार्थी जास्त असतील तर आधी हवालदारांना बैठकीला बोलवा.